ओळखीच्या पलीकडची चौकशी

केनियातील एका मिशन रुग्णालयात सेवेसाठी जाण्याचे आमचे ठरले, तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातील आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सगळ्यांचा समज असा होता की आता व्हिसा, लसी आणि विमानाची तिकिटे एवढेच काय ते उरले आहे. माझे पती रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहेत आणि मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. तिथे दोघांचीही गरज होती आणि पाठवणाऱ्या संस्थेने आमचा अर्ज आनंदाने स्वीकारलाही होता. प्रत्यक्षात व्हिसाचे काम सर्वांत सोपे ठरले. सर्वांत जास्त वेळ, कागद आणि मनस्ताप लागला तो बालसुरक्षेच्या छाननीला, म्हणजे आम्ही दोघे मुलांच्या सहवासात ठेवण्याजोगी माणसे आहोत की नाही हे ठरवण्याला. आमच्या मागून परदेशी सेवेला जाऊ इच्छिणारी खानदेशातील काही कुटुंबे मला याबद्दल वारंवार विचारतात; फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावे, म्हणून हे लेखन.

आपल्या भागाला मिशनरी येण्याची सवय आहे, जाण्याची नाही. फ्रेड्रिक फ्रान्सन यांनी 1890 साली स्थापन केलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात आली. पूर्वेकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम होते. दवाखाने, शाळा, बोर्डिंग आणि मंडळ्या त्यांतूनच उभ्या राहिल्या. माझे सासरे निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आहेत. त्यांच्या लहानपणी मिशन बंगल्यातील साहेबांची मुले फक्त सुट्टीत दिसत, असे ते सांगतात. बाकीचे वर्ष ती मसुरीला किंवा कोडाईकनालला बोर्डिंगमध्ये असत, कारण भारतातील अनेक मिशनरी आपली मुले त्या थंड हवेच्या ठिकाणच्या शाळांत ठेवत असत. सहासात वर्षांचे मूल आईबापांपासून दीड हजार किलोमीटरवर का ठेवायचे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. देवाच्या कामासाठी केलेला त्याग म्हणून त्याकडे आदराने पाहिले गेले. छाननीच्या काळात मला जे समजले त्याचा या गोष्टीशी फार जवळचा संबंध निघाला, म्हणून ती आधीच नोंदवून ठेवते.

अर्जाचा पहिला भाग नेहमीसारखा होता. नाव, शिक्षण, विश्वासाची साक्ष, बाप्तिस्म्याची तारीख. दुसऱ्या भागाच्या माथ्यावर मात्र लिहिले होते की हा भाग पतीपत्नींनी वेगवेगळा भरायचा आहे आणि एकमेकांना दाखवायचा नाही. प्रश्न सरळ होते. तुमच्यावर कधी कोणत्याही मुलाशी गैरवर्तन केल्याचा आरोप झाला आहे काय, मग तो सिद्ध झालेला असो वा नसो? एखाद्या शाळेतून, मंडळीतून किंवा वसतिगृहातून तुम्हाला मुलांबरोबरचे काम सोडण्यास सांगितले गेले आहे काय? तुम्ही अश्लील चित्रफिती पाहता काय, आणि त्यांत अल्पवयीन मुले कधी दिसली आहेत काय? लहानपणी तुमच्यावर अत्याचार झाला होता काय, आणि झाला असल्यास त्याबाबत तुम्हाला मदत मिळाली काय? शेवटच्या प्रश्नाखाली एक टीप होती, की या उत्तरावरून कोणालाही अपात्र ठरवले जात नाही. ती टीप मला महत्त्वाची वाटली, कारण आपल्याकडे ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच डाग लागल्यासारखे वागवले जाते, आणि त्या भीतीने माणसे मरेपर्यंत गप्प राहतात.

खरी खळबळ उडाली ती संदर्भपत्रांवरून. आपल्याकडे शिफारस म्हणजे पाळकसाहेबांच्या लेटरहेडवर चार ओळी, खाली सही आणि शिक्का. इथे तसे चालणार नव्हते. आम्हाला मुलांबरोबर काम करताना प्रत्यक्ष पाहिलेली एक व्यक्ती, आमच्या हाताखाली काम केलेली एक व्यक्ती, एक नातेवाईक आणि आधीचे वरिष्ठ अशी नावे द्यायची होती. संस्था त्यांना थेट प्रश्नावली पाठवणार, उत्तरे आम्हाला दिसणार नाहीत, आणि त्या प्रत्येकाला आणखी एखाद्या अशा माणसाचे नाव विचारले जाणार, ज्याचे नाव आम्ही दिलेले नाही. या शेवटच्या अटीमागचा हेतू उघड आहे. आपण देतो ती नावे आपल्या मर्जीतलीच असतात. त्यांच्या पलीकडच्या माणसापर्यंत पोहोचल्याशिवाय खरे चित्र मिळत नाही.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना आमच्याकडे वडील म्हणतात; त्यांपैकी एकांना हे अजिबात रुचले नाही. ते मूळचे शिरपूरकडचे, संतापले की अहिराणीवर येतात. प्रश्नावली हातात धरून ते माझ्या पतींना म्हणाले, "त्यासले तुन्हावर इस्वास नही शे का?" तीन पिढ्यांचे ख्रिस्ती घर, वडील पाळक, आजोबा शास्त्रीबुवांसारखे गावोगाव फिरून वचन सांगणारे, आणि अशा घरातल्या मुलाच्या चारित्र्याबद्दल कोणी परका कार्यालयात बसून चौकशी करणार, हे त्यांच्या मनाला लागले होते. त्यांचे बोलणे समजण्यासारखे आहे. खानदेशात नोकरी, सोयरीक, उधारी, दवाखान्यातली खाट, सगळे ओळखीवर चालते, आणि अमक्याचा मुलगा एवढे सांगितले की पुढचे दार उघडते. अडचण एवढीच आहे की मुलांना इजा करणाऱ्या माणसाचेही मुख्य भांडवल हीच ओळख असते.

पोलिसांकडील चारित्र्य प्रमाणपत्राचे काम त्या मानाने सरळ आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. पासपोर्ट विभागाकडून मिळणाऱ्या पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटसाठी ऑनलाइन अर्ज करून वेळ घ्यावी लागते. आम्ही नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात गेलो, पुढे स्थानिक पोलीस ठाण्यात पडताळणी झाली. नवापूर-नंदुरबारकडच्या अनेक घरांप्रमाणे आम्हीही लग्नानंतरची काही वर्षे सुरतला काढली होती, आणि संस्थेला आम्ही राहिलो त्या प्रत्येक ठिकाणचा दाखला हवा होता, त्यामुळे गुजरात पोलिसांकडूनही कागद आणावा लागला. ठाण्यातील हवालदारसाहेबांनी सहज विचारले, "नोकरी रुग्णालयात, मग मुलांचा काय संबंध?" प्रश्न रास्त होता. पण मिशन रुग्णालयाच्या आवारात कर्मचाऱ्यांची घरे, शाळा, उपासनालय आणि खेळाचे मैदान एकत्र असते, आणि तिथे राहणारा प्रत्येक मोठा माणूस कोणत्या ना कोणत्या मुलाचा काका किंवा मावशी होतो. संस्थेच्या अधिकाऱ्यांनी आम्हाला आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती, ती म्हणजे या प्रमाणपत्रावर कधीच विसंबून राहायचे नसते. त्यातून फक्त गुन्हा नोंदवला गेला आहे की नाही एवढे कळते, आणि मुलांवरील बहुतेक अत्याचार पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

मुलाखती वेगवेगळ्या झाल्या, प्रत्येक वेळी समोर दोन व्यक्ती, त्यांतील एक स्त्री. माझी मुलाखत मराठी जाणणाऱ्या बाईंनी घेतली हे माझे भाग्य, कारण यातले काही प्रश्न परक्या भाषेत उत्तरणे अवघड गेले असते. लहानपणी तुम्हाला शिक्षा कोण करीत असे, कशी करीत असे, तुम्ही आपल्या मुलांवर रागावता तेव्हा नेमके काय करता, राग अनावर होण्यापूर्वी तुम्हाला तो कसा ओळखू येतो, नवऱ्याच्या वागण्यात मुलांबाबत कधी काही खटकले आहे काय, आणि खटकले तर तुम्ही कोणाला सांगाल? माझे पती बोर्डिंगमध्ये वाढले. तिथे पहाटेच्या प्रार्थनेला उशीर झाला की छडी ठरलेली असे, आणि त्यांना मुलाखतीत त्याबद्दल बराच वेळ बोलते केले गेले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली, हे मला शिक्षिका म्हणून माहीत होते. पण ज्यांनी छडी खाल्ली आणि तिचे समर्थन करत मोठे झाले, अशी माणसे परदेशी वसतिगृहात मुलांवर नेमली जातात तेव्हा काय होते, हा विचार मी तोवर केला नव्हता.

एक कल्पित प्रसंगही दिला होता. सर्वांचा आदर असलेले एक ज्येष्ठ डॉक्टर संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एका बारा वर्षांच्या मुलीला नेहमी आपल्या गाडीतून घरी सोडतात. दुसऱ्या कोणाला कधी गाडीत घेत नाहीत. तुम्ही काय कराल? डॉक्टरांशी किंवा त्यांच्या पत्नीशी शांतपणे बोलून पाहीन, असे उत्तर बहुतेक जण देतात, असे मला नंतर प्रशिक्षणात समजले. संस्थेचे अपेक्षित उत्तर वेगळे आहे. आपण तपास करायचा नाही, त्या माणसाला सावध करायचे नाही, आपल्याला जे दिसले तेवढेच तारीख-वेळ घालून लिहायचे आणि त्याच दिवशी बालसुरक्षा अधिकाऱ्याकडे द्यायचे. अर्थ लावण्याचे काम त्यांचे.

निवासी प्रशिक्षण हा या सगळ्याचा गाभा होता, आणि त्यातील पहिला पूर्ण दिवस इतिहासाला दिला होता. आम्हाला वाटले होते की नियमांची यादी वाचून दाखवतील. त्याऐवजी मिशन संस्थांनी स्वतःच्याच चौकशीचे जे अहवाल प्रसिद्ध केले आहेत, त्यांची ओळख करून देण्यात आली. पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात मामू येथे मिशनऱ्यांच्या मुलांची एक निवासी शाळा होती. ती 1971 मध्ये बंद झाली. तिथे वाढलेल्या मुलांनी प्रौढ झाल्यावर, वर्षानुवर्षे पत्रे लिहून आणि पाठपुरावा करून, 1990 च्या दशकात स्वतंत्र चौकशी समिती नेमायला भाग पाडले, आणि त्या समितीसमोर मारहाण, मानसिक छळ व लैंगिक अत्याचार यांची हकिकत आली. ती शाळा चालवणारी संस्था होती ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, म्हणजे भुसावळ आणि चाळीसगावच्या मंडळ्या ज्यांच्या कामातून उभ्या राहिल्या तीच. खोलीत आम्ही खानदेशचे दोघेच होतो. हे नाव ऐकल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. ज्यांनी आमच्या पणजोबांच्या पिढीला अक्षरे शिकवली, त्यांच्याच मुलांचे दुसऱ्या खंडात असे हाल झाले होते, आणि ते आईबापांना कळलेही नव्हते.

का कळले नव्हते, याचे विश्लेषण मला फार मोलाचे वाटले. आईवडील शेकडो मैल आत, जंगलातल्या खेड्यांत. मुलांनी घरी लिहिलेली पत्रे वसतिगृहातील मोठी माणसे वाचून मगच पाठवत, त्यामुळे तक्रार बाहेर जाण्याची वाटच नव्हती. त्याहून भारी होते ते मुलांच्या मनावरचे ओझे. तू तक्रार केलीस तर तुझ्या बाबांना काम सोडून यावे लागेल, आणि मग ज्यांना सुवार्ता ऐकायला मिळणार नाही त्यांच्या नाशाला तू जबाबदार होशील, असे सहा-आठ वर्षांच्या मुलाला प्रत्यक्ष सांगितले गेले किंवा न सांगताही उमगले. देवाच्या नावाने असे ओझे एकदा घातले की मूल बोलत नाही. सेनेगलमध्ये फांडा येथे न्यू ट्राइब्ज मिशनची निवासी शाळा होती; तिच्याबाबत ग्रेस या अमेरिकी संस्थेने 2010 मध्ये दिलेल्या चौकशी अहवालातही याच गोष्टी पुन्हा दिसतात.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारचे, बांगलादेशातले. तिथल्या एका मिशन रुग्णालयातील अमेरिकी डॉक्टरने एका मिशनरी कुटुंबातील अल्पवयीन मुलीवर अत्याचार केले. हे 1989 मध्ये उघड झाले तेव्हा संस्थेने त्याला सेवेतून काढले, पण मंडळ्यांना सांगितलेले कारण गुन्ह्याचे नव्हते, अनैतिक संबंधांचे होते. त्याहून वाईट म्हणजे त्या मुलीकडूनच कबुलीच्या कागदावर सही घेतली गेली, जणू ती त्या पापात भागीदार होती. स्वतंत्र चौकशीचा अहवाल यायला 2016 साल उजाडले. मधली सत्तावीस वर्षे ती मुलगी त्या कागदासह जगली. प्रशिक्षणात आमच्याबरोबर एक ज्येष्ठ डॉक्टर होते. हा भाग झाल्यावर ते बाहेर जाऊन व्हरांड्यात बसले आणि जेवायलाही आले नाहीत.

परदेशी सेवेत हा धोका वाढतो कसा, हेही यातून स्पष्ट होते. गुन्हा करणारा एका देशाचा नागरिक, घटना दुसऱ्या देशातली, मुख्य कार्यालय तिसऱ्या देशात. प्रत्येक जण हे आपल्या अखत्यारीत नाही असे म्हणू शकतो, आणि माणसाला गुपचूप मायदेशी पाठवून दिले की तिथल्या एखाद्या मंडळीत तो पुन्हा मुलांमध्ये वावरू लागतो. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्यावर भारतात खटला चालू शकतो, पण त्यासाठी केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते. केनियात 2006 चा लैंगिक गुन्ह्यांचा कायदा आणि 2022 चा बालक कायदा लागू आहेत, आणि मुलांसाठी 116 क्रमांकाची मोफत हेल्पलाइन आहे. संस्थेचा नियम असा की घटना घडेल त्या देशाच्या पोलिसांना कळवायचेच, शिवाय आरोपी ज्या देशाचा आहे तिथल्या यंत्रणेलाही, आणि राजीनामा दिला म्हणून चौकशी थांबत नाही. आम्ही सही केलेल्या करारात असेही कलम आहे की पुढे कोणत्याही संस्थेने आमच्याबद्दल विचारले तर बालसुरक्षेच्या संदर्भातील नोंद त्यांना दिली जाईल. ही सही करताना क्षणभर हात थबकतो, हे खरे.

आचारसंहितेतील बाकीचे नियम रोजच्या वागण्याचे आहेत. दुसऱ्याच्या मुलाबरोबर बंद खोलीत एकटे थांबायचे नाही. संडे स्कूलच्या, म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवण्याच्या, वर्गात नेहमी एकमेकांचे नातेवाईक नसलेले दोन मोठे हवेत. दाराला काच हवी किंवा दार उघडे हवे. मुलाला आईबापांना न सांगता भेटवस्तू द्यायची नाही. अल्पवयीन मुलांशी खाजगी चॅट करायचे नाही. स्थानिक मुलांचा फोटो, नाव आणि गाव असे तिन्ही एकत्र कुठेही टाकायचे नाही, मग मायदेशातल्या देणगीदारांना तो फोटो कितीही हृदयद्रावक वाटो. या शेवटच्या नियमाने मला आपल्याकडचे अनेक कॅलेंडर आणि वृत्तपत्रके आठवली, ज्यांत धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांचे चेहरे, नावे आणि त्यांच्या घरातली दारू-गरिबीची कहाणी सरसकट छापलेली असते. त्या मुलाला मोठेपणी ते वाचून काय वाटेल, हा विचार छापणाऱ्याने केलेला नसतो.

आमच्या मुलांची तयारी वेगळी झाली. मुलगी चौथीत, मुलगा बालवाडीत. संस्थेच्या समुपदेशक बाई त्यांच्याशी बोलल्या, मला काचेतून दिसेल पण ऐकू येणार नाही अशा खोलीत. शरीराच्या अवयवांची खरी नावे, नको असलेला स्पर्श, आणि गंमत व गुपित यांतला फरक त्यांना शिकवला: वाढदिवसाची गंमत एक दिवस सगळ्यांना कळणार असते, पण कोणी मोठ्याने आईबाबांना कधीच सांगायचे नाही असे बजावले तर ते लगेच सांगायचे. मुलीने स्वतः पाच मोठ्या माणसांची यादी केली, ज्यांना ती काहीही सांगू शकेल. त्यांतले दोघे केनियाच्या आवाराबाहेरचे असले पाहिजेत, अशी अट होती. तिने आजोबांना आणि माझ्या बहिणीला निवडले. त्यांना थेट फोन कसा लावायचा हे तिला येते, आणि ते फोन आम्ही ऐकत नाही. मामूच्या मुलांना हेच मिळाले नव्हते.

घरी यावरून थोडे रामायण झाले. आपल्याकडे नात्यातल्या कोणीही मुलाला उचलावे, गाल ओढावेत, मुका घ्यावा, आणि मूल अंग चोरू लागले तर त्याला लाजाळू म्हणून आणखी जवळ ओढावे, अशी रीत आहे. निरोपाच्या दिवसांत पाहुण्यांची रीघ लागली होती. माझ्या मुलीने एका दूरच्या काकांना "मला मुका नको, सलाम करते" असे स्पष्ट सांगितले, तेव्हा सासूबाईंना फार वाईट वाटले. "पोरगी आताच एवढी फटकळ झाली, तिकडे गेल्यावर काय होईल?" असे त्या मला म्हणाल्या. मी त्यांना प्रशिक्षणातली आकडेवारी सांगितली. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 13 राज्यांतील 12,447 मुलांशी बोलणे झाले होते, त्यांतील 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले, त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित अधिकच होते, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी त्यांच्या माहेरच्या एका मुलीची गोष्ट सांगितली, ती मी इथे लिहिणार नाही.

मुलांच्या शिक्षणाचा निर्णयही याच काळात झाला. केनियात किजाबे येथे 1906 पासून चाललेली रिफ्ट व्हॅली अकॅडमी ही मिशनऱ्यांच्या मुलांची प्रसिद्ध निवासी शाळा आहे, आणि आजच्या अशा शाळा पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत. अनेक संस्था आणि शाळा 2006 पासून बालसुरक्षेच्या एका जाळ्यात एकत्र येऊन एकमेकांचे नियम आणि अनुभव तपासतात. तरीही आमची मुले दहा-बारा वर्षांची होईपर्यंत आमच्याजवळच राहतील, असे आम्ही लिहून दिले, आणि संस्थेने त्यानुसार नेमणुकीचे ठिकाण बदलले. अशी विनंती करता येते, हे अनेकांना माहीत नसते. ती अर्जाच्या वेळीच करावी.

निघण्यापूर्वी मंडळीत आमचा निरोप समारंभ झाला, आणि काही तरुणांनी विचारले की हे सगळे आपल्या वसतिगृहाला का लागू करू नये. आमच्या मंडळीचे छोटे वसतिगृह आहे. दिवाळीनंतर सातपुड्याच्या पायथ्याची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा त्यांची मुले तिथे राहून शिकतात. आईबाप लांब, मुले लहान, फोनची सोय नाही, म्हणजे मामूत जे होते त्यातले बरेचसे इथेही आहे. या विषयावर वडील मंडळाची जी बैठक झाली ती मी विसरणार नाही. पोलीस पडताळणीला कोणाचा विरोध नव्हता. वाद पेटला तो, काही घडल्यास आधी वडील मंडळाकडे जायचे की थेट पोलिसांत, यावर. एक वडील म्हणाले, "आधीच आपल्याकडे बोटे दाखवणारे कमी आहेत का? उद्या पेपरात मिशनच्या वसतिगृहाचे नाव आले की आपली कायमची बदनामी होईल. त्यांच्या हाती कोलीत कशाला द्यायचे?"

ही भीती खोटी नाही. अल्पसंख्याक समाजात एका माणसाच्या गुन्ह्याचे खापर सगळ्यांच्या डोक्यावर फुटते, आणि धर्मांतराच्या वादात आमच्या शाळा-वसतिगृहांकडे संशयाने पाहणारे लोक आहेतच. पण याच भीतीने मामू, फांडा आणि बांगलादेशातल्या चांगल्या, प्रार्थनाशील माणसांची तोंडे बंद केली होती. ती माणसे मुलांची शत्रू नव्हती, त्यांना संस्थेचे नाव जपायचे होते, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली. शिवाय कायद्याने हा पर्याय आपल्या हाती ठेवलेलाच नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला समजेल त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कलम 21 नुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाच्या गुन्ह्याबाबत गप्प बसणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाची ओळख उघड करण्यावर त्याच कायद्यात बंदी आहे. 2020 च्या नियमांनी तर मुलांना ठेवणाऱ्या किंवा मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेला सर्व कर्मचाऱ्यांची ठरावीक मुदतीने पोलीस पडताळणी करायला सांगितले आहे, मग ते कंत्राटी असले तरी. मी हे वाचून दाखवले तेव्हा खजिनदारांनी एकच प्रश्न विचारला, की वसतिगृहाचा संस्थाप्रमुख कागदोपत्री कोण आहे. पाळकसाहेबांनी हात वर केला, आणि बैठकीचा सूर बदलला.

काही गोष्टी मान्य झाल्या. वॉर्डन, स्वयंपाकी आणि संडे स्कूलचे शिक्षक यांची पडताळणी होईल. पाहुणे, देशी असोत वा परदेशी, वसतिगृहाच्या इमारतीत मुक्काम करणार नाहीत. 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक मुलांच्या उंचीवर भिंतीवर रंगवला जाईल. तक्रार घेण्यासाठी मंडळीबाहेरील एक महिला नेमली जाईल. आणि दर रविवारी मुलांना आईवडिलांशी फोनवर बोलता येईल, जवळ कोणी उभे न राहता. वडील मंडळाच्या सभासदांनी आणि पाळकांनी स्वतःचीही पडताळणी करून घ्यावी की नाही, यावर मात्र मतभेद राहिले. अहिराणीत संतापलेले ते वडील म्हणाले, आम्ही वसतिगृहात राहत नाही, मग आम्हाला कशाला? सासऱ्यांनी त्यांना उत्तर दिले की वसतिगृहात सर्वांत सहज कोणाला आत सोडतात, तर वडील मंडळालाच. ते कलम पुढच्या बैठकीवर गेले आहे. मसुदा मराठीत मीच केला असल्यामुळे मला इथून, केनियातून, व्हिडिओ कॉलवर हजर राहायचे आहे, आणि आमच्या रुग्णालयातील रात्रपाळी व नंदुरबारची वेळ यांचा मेळ घालून तारीख ठरवण्याचे काम सध्या चालू आहे.